बेइचुआन: पठाराच्या काठावरचा परगणा

चीनमधील सिचुआन प्रांताचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा पाहिला की त्यातील एक तिरकी रेषा लगेच नजरेत भरते. तिच्या पूर्वेला समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचसहाशे मीटर उंचीचे, भातशेतीने आणि दाट वस्तीने भरलेले सिचुआनचे खोरे आहे आणि पश्चिमेला तिबेटचे पठार सुरू होते. या दोहोंच्या मध्ये लुंगमन ही पर्वतरांग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेली आहे. सुमारे पन्नास किलोमीटरच्या आडव्या अंतरात येथे जमीन चार हजार मीटरहून अधिक चढते, त्यामुळे तिबेटच्या पठाराच्या सर्वांत उभ्या कडांमध्ये हिची गणना होते. बेइचुआन छ्यांग स्वायत्त परगणा नेमका या रेषेवर वसलेला आहे. तेथे कोण राहिले, कोणी कोणाला परके मानले, राजधानीचे गाव किती वेळा हलले आणि २००८ च्या भूकंपात तेथे एवढा संहार का झाला, या प्रश्नांची उत्तरे इतिहासाच्या कागदपत्रांइतकीच या रेषेच्या भूशास्त्रात शोधावी लागतात.

प्रशासनाच्या दृष्टीने बेइचुआन म्येनयांग या मोठ्या शहराच्या अखत्यारीत येते. भूकंपापूर्वी त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,८६५ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे १ लाख ६० हजार होती. छ्यांग या अल्पसंख्याक समाजाच्या नावाने स्वायत्त असलेला संपूर्ण चीनमधील हा एकमेव परगणा असून हा दर्जा त्याला २००३ साली मिळाला. त्याचा सर्वांत सखल भाग सुमारे ५४० मीटरवर, तर वायव्येकडील छाछी हे सर्वोच्च शिखर ४,७६९ मीटरवर आहे. म्हणजे एकाच परगण्यात तळाशी मका, चहा आणि अक्रोड, त्यावर रुंदपानी व सूचीपर्णी जंगले, बांबूची बेटे आणि माथ्यावर हिमरेषेच्या आसपासची उघडी कुरणे, असे थर एकावर एक रचलेले आहेत. शाओचायत्सी दरीच्या अभयारण्यात जायंट पांडा आणि सोनेरी माकडे अजूनही नांदतात, कारण त्या उंचीवरचा बांबू शेतीच्या नांगराखाली कधी आलाच नाही.

पायत्साओ, छिंगफ्येन आणि सुपाओ या नद्या डोंगरांतून उतरून च्येन नदीला मिळतात आणि ती पुढे म्येनयांगजवळून वाहणाऱ्या फू नदीला, म्हणजे अखेरीस यांगत्सेला जाऊन मिळते. आग्नेयेकडून येणारी दमट हवा या डोंगरभिंतीला धडकून वर चढते आणि थंड होऊन येथेच रिती होते. त्यामुळे बेइचुआनच्या पूर्व भागात वर्षाला १३०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पर्वतरांगेच्या पलीकडे मिन नदीच्या खोऱ्यातील माओ परगण्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातील फरक ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या पर्जन्यछायेची वेगळी ओळख करून द्यायला नको. या फरकाचा परिणाम घरांवरही झाला आहे. कोरड्या बाजूच्या छ्यांग गावांत दगडी घरे आणि उंच दगडी टेहळणी मनोरे आढळतात, तर ओल्या बेइचुआनमध्ये परंपरेने लाकडी खांबांवर उचललेली घरे बांधली जात. हा तपशील पुढे पुनर्बांधणीच्या वेळी महत्त्वाचा ठरला.

ही उभी कडा निर्माण कशी झाली, याचे मूळ आपल्या पायाखाली आहे. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला चार ते पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत आहे. त्या रेट्याचा निम्म्याच्या आसपासचा भाग हिमालय उंचावण्यात खर्च होतो आणि उरलेला तिबेटच्या पठाराला दाबत, जाड करत, पूर्वेकडे ढकलत राहतो. पूर्वेला मात्र सिचुआनच्या खोऱ्याखाली यांगत्से भूखंडाचा अतिशय जुना, थंड आणि ताठर गाभा आहे. तो वाकत नाही, मोडत नाही आणि बाजूलाही सरत नाही. पठाराचा पदार्थ या अडथळ्यापाशी येऊन थटतो आणि वर चढतो. तो नेमका कसा चढतो याविषयी शास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद आहेत. भूकवचाच्या खोल भागातील तापलेला, मऊ थर हळूहळू वाहत येऊन कडेखाली साचतो व वरची जमीन फुगवतो, असे एक मत आहे. वरच्या थरातील मोठमोठे खडक प्रस्तरभंगांवरून, म्हणजे भूकवचातील मोठ्या भेगांवरून, एकमेकांवर सरकून ढीग रचला जातो, असे दुसरे मत आहे. या वादाचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे उपग्रहांच्या साहाय्याने केलेली मोजमापे होत. २००८ पूर्वी लुंगमन रांगेच्या दोन बाजू एकमेकींजवळ येण्याचा वेग वर्षाला तीन मिलिमीटरांहूनही कमी भरत होता. एवढ्या संथ हालचालीवरून येथे मोठ्या भूकंपाची निकड कोणाला जाणवली नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु वेग कमी म्हणजे धोका कमी असे नसते. ताण साठायला दोन-चार हजार वर्षे लागतात, एवढाच त्याचा अर्थ होतो आणि माणसाच्या लिखित नोंदी तेवढ्या मागे क्वचितच पोहोचतात.

प्रस्तरभंगाच्या पट्ट्यात खडक भरडला गेलेला असतो. नदीला तो कापायला सोपा जातो, म्हणून अशा पट्ट्यांवर दऱ्या खोदल्या जातात आणि दरीच्या तळाशी गाळाचे व जुन्या दरडींच्या राबिटाचे, म्हणजे सुट्या दगडमातीचे, छोटे सपाट तुकडे तयार होतात. डोंगराळ मुलखात घर, शेत, बाजार आणि कचेरी यांना जागा मिळते ती अशाच तुकड्यांवर. म्हणजे माणसाला जेथे वस्ती करता येते, ती जागा बहुतेक वेळा पूर्वीच्या एखाद्या दुर्घटनेनेच तयार केलेली असते. बेइचुआनचा सारा भूगोल समजून घ्यायचा तर ही एक गोष्ट मनाशी पक्की धरावी लागते.

या दऱ्यांचा लिखित इतिहास बराच जुना आहे. उत्तर चौ राजवटीत इसवी सन ५६६ मध्ये येथे बेइचुआन नावाचा परगणा स्थापन झाला. थांग राजवटीत ६३४ मध्ये शिछुआन हा दुसरा परगणा निर्माण झाला आणि काही वर्षांतच बेइचुआन त्यात विलीन झाले. पुढे जवळजवळ पावणेतेराशे वर्षे सरकारदरबारी शिछुआन हेच नाव चालले. शान्शी प्रांतातही त्याच नावाचा परगणा असल्यामुळे गोंधळ होऊ नये म्हणून १९१४ साली जुने बेइचुआन हे नाव परत आणण्यात आले. परगण्याचे मुख्य ठिकाण या दीर्घ काळात च्येन नदीच्या वरच्या अंगाला, आज यूली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी होते. १९५२ मध्ये ते नदीच्या खालच्या बाजूला छूशान येथे हलवण्यात आले. मैदानाशी दळणवळण तेथून सोपे होते. छूशानही अर्थातच दोन उभ्या डोंगरांमधील एका अरुंद सपाट तुकड्यावर होते.

सातव्या ते नवव्या शतकांत थांग साम्राज्य आणि तिबेटी साम्राज्य या पर्वतरांगेच्या आसपास एकमेकांना भिडत होते आणि पुढील राजवटींनाही ही सीमा कायमची शांत करता आली नाही. मिंग काळात पायत्साओ नदीच्या खोऱ्यातील लोकांनी, ज्यांना दरबारी कागदपत्रांत पायत्साओ छ्यांग म्हटले आहे, वारंवार उठाव केले. १५४७ च्या सुमारास सेनापती हे छिंग याने मोठी फौज आणून तो प्रतिकार मोडून काढला. गावे आणि मनोरे उद्ध्वस्त झाले, खोऱ्यात लष्करी गढ्या बांधल्या गेल्या आणि त्यांपैकी युंगफिंग गढीचे अवशेष आजही उभे आहेत. त्यानंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. मैदानातून शेतकरी, व्यापारी आणि सैनिक येऊन स्थायिक होऊ लागले, डोंगरातील कुटुंबांनी हान, म्हणजे चीनमधील बहुसंख्य समाजाची, आडनावे आणि वंशावळी स्वीकारल्या, आणि छ्यांग भाषा एकेका खोऱ्यातून वरच्या अंगाला सरकत जवळजवळ नाहीशी झाली. आज बेइचुआनमधील बहुसंख्य छ्यांग लोकांची रोजची बोली सिचुआनी चिनी हीच आहे.

येथे छ्यांग म्हणजे कोण, हा प्रश्न थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. शांग काळातील, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, हाडांवर कोरलेल्या लेखांत छ्यांग हा शब्द पश्चिमेकडील परक्या लोकांसाठी येतो. युद्धात पकडलेले आणि बळी दिलेले छ्यांग लोक त्या लेखांत नोंदलेले आहेत. पुढे चीनचे राज्य पश्चिमेकडे पसरत गेले तसतसे हे नावही पश्चिमेकडे सरकले आणि दर काळी सीमेपलीकडे असलेल्या निरनिराळ्या लोकांना ते चिकटत गेले. तीन हजार वर्षांपूर्वीचे छ्यांग आणि आजचे छ्यांग यांच्यात सरळ वंशरेषा ओढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

बेइचुआनच्या बाबतीत तैवानचे इतिहासकार वांग मिंग-क यांनी गावोगावी फिरून केलेले निरीक्षण मला अत्यंत मोलाचे वाटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पायत्साओ आणि छिंगफ्येन नद्यांच्या काठी प्रत्येक वस्ती स्वतःला हान समजत असे आणि नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना रानटी म्हणून हिणवत असे. त्या वरच्या वस्तीतील लोकही स्वतःला हानच समजत आणि आणखी वरच्यांना हिणवत. खालच्या शहरातील लोकांच्या लेखी मात्र ही सगळीच मंडळी रानटी होती. शेजारच्या दोन गावांत चालीरीतींचा फारसा फरक नसूनही अपमानाची ही साखळी नदीच्या प्रवाहाबरोबर वरपासून खालपर्यंत चालू होती. पठार आणि मैदान यांच्यातील उतार ज्या मुलखात इतका सलग आहे, तेथे सीमा एका ठरावीक जागी आखणे कोणालाच शक्य नव्हते, म्हणून प्रत्येकाने ती आपल्या गावाच्या लगेच वर आखली.

१९८० च्या दशकात चित्र उलटले. अल्पसंख्याक समाजांना शिक्षणात, कुटुंबनियोजनाच्या नियमांत आणि स्थानिक प्रशासनात सवलती मिळू लागल्या आणि वांशिक नोंद दुरुस्त करून घेण्याची मुभा मिळाली. ज्यांचे आजोबा हान म्हणवून घेण्यासाठी धडपडत होते, अशी हजारो कुटुंबे आता छ्यांग म्हणून नोंदली गेली. जनगणनेचे आकडे या बदलाची साक्ष देतात. चीनमधील छ्यांगांची संख्या १९५३ मध्ये सुमारे ३५ हजार होती, १९८२ मध्ये सुमारे १ लाख ३ हजार, १९९० मध्ये सुमारे १ लाख ९८ हजार आणि २००० मध्ये ३ लाखांवर गेली. आठ वर्षांत दुप्पट होणारी लोकसंख्या केवळ जन्मांमुळे वाढलेली नसते. दुसरीकडे, पठाराच्या अधिक आतल्या हेइश्वेइ परगण्यातील लोक उत्तर छ्यांग भाषा घरात बोलतात आणि त्यांची सरकारी नोंद मात्र तिबेटी म्हणून आहे. भाषा न बोलणारे छ्यांग आणि भाषा बोलणारे तिबेटी, अशी ही परिस्थिती आहे. याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या समाजाला शतकानुशतके दोन बाजूंच्या मधोमध राहावे लागले, त्याने आपल्या ओळखीतील कोणता धागा केव्हा पुढे करायचा, हा निर्णय जगण्याच्या गरजेतून घेतला.

या मधल्या जागेचा अभिमानास्पद वापरही बेइचुआनने केला आहे. चीनच्या पुराणकथांत महापुराला आवर घालणारा राजा यू हा अत्यंत पूज्य मानला जातो. त्याचे वडील कुन यांनी नऊ वर्षे बांध घालून पूर अडवण्याचा प्रयत्न केला आणि ते अपयशी ठरले, तर यूने पात्रे खोदून, वाटा मोकळ्या करून पाणी समुद्राकडे काढून दिले, अशी ती कथा आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापर्यंत हयात असलेला इतिहासकार सिमा छ्येन यू पश्चिमेकडील छ्यांगांतून पुढे आला असे लिहितो आणि त्याचे जन्मस्थान आपल्याकडेच असल्याचा दावा बेइचुआनमधील यूली गाव करते. चांद्र पंचांगातील सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी तेथे त्याचा जन्मोत्सव होतो. शेजारच्या वेन्चुआनसह इतरही ठिकाणांचा असाच दावा आहे. त्यात कोण खरे, हे ठरवण्याचे साधन नाही. परंतु हान संस्कृतीचा आद्य नायक छ्यांग मुलखात जन्मला असे म्हणता येणे हे दोन्ही बाजूंना सांधणारे होते.

१२ मे २००८ रोजी दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी वेन्चुआन परगण्यातील यिंगश्यू गावाजवळ जमिनीखाली प्रस्तरभंग सरकू लागला. भूकंपाची तीव्रता ७.९ होती आणि चीनच्या मापनपद्धतीत ती ८.० नोंदली गेली. बातम्यांत केंद्र म्हणून वेन्चुआनचे नाव आल्यामुळे सर्वाधिक हानी तेथेच झाली असणार, असा अनेकांचा समज झाला. मोठ्या भूकंपात मात्र केंद्र ही फाटण्याची केवळ सुरुवात असते. ही फाट नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे धावत गेली आणि जमिनीच्या पृष्ठभागावर सुमारे २४० किलोमीटर लांबीपर्यंत उमटली. तिला समांतर असलेल्या दुसऱ्या प्रस्तरभंगावरही सुमारे ७२ किलोमीटर लांबीची फाट पडली. काही ठिकाणी एक बाजू दुसरीपेक्षा सहा मीटरहून अधिक वर उचलली गेली आणि त्याच वेळी आडवीही सरकली. मुख्य फाट ज्या प्रस्तरभंगावर पडली, त्याच्या नावातच बेइचुआन आहे आणि तो छूशान गावाच्या वस्तीतूनच जात होता. केंद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असूनही यिंगश्यूइतकाच, म्हणजे त्या-त्या जागी बसलेल्या धक्क्याचा जोर मोजणाऱ्या बारा अंशांच्या मापकावर अकराव्या अंशाचा विध्वंस छूशानमध्ये झाला. इमारती मात्र सातव्या अंशाचा धक्का गृहीत धरून आखलेल्या होत्या.

हादऱ्यांपाठोपाठ डोंगर खाली आले. गावाच्या पश्चिमेकडील वांगच्याएन येथील दरडीने जुन्या वस्तीचा मोठा भाग गाडला आणि तिच्याखाली दीड हजारांहून अधिक माणसे गेली. समोरच्या बाजूने दुसरी दरड एका शाळेवर आली. बेइचुआन माध्यमिक शाळेची इमारत कोसळून एक हजाराहून अधिक विद्यार्थी आणि शिक्षक मरण पावले. शाळांच्या बांधकामाच्या दर्जाविषयी सिचुआनभर पालकांनी जे प्रश्न विचारले ते रास्त होते आणि त्यांना मिळालेली उत्तरे पुरेशी नव्हती, असे माझे मत आहे. संपूर्ण भूकंपात ६९ हजारांहून अधिक मृत्यू आणि जवळपास १८ हजार बेपत्ता अशी नोंद झाली. एकट्या बेइचुआन परगण्यात १५ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि चार हजारांहून अधिक सापडलीच नाहीत. परगण्यातील दर आठ-नऊ माणसांमागे एक माणूस त्या दुपारी हरवला.

त्यानंतरचे संकट अधिक संथपणे आले. छूशानच्या वरच्या अंगाला सुमारे साडेतीन किलोमीटरवर थांगच्याशान या डोंगराची एक बाजू सुटून च्येन नदीत कोसळली होती. सुमारे दोन कोटी घनमीटर दगडमातीने ८२ ते १२४ मीटर उंचीचा नैसर्गिक बांध तयार झाला आणि त्यामागे पाणी चढू लागले. भूकंपामुळे अशी तीसहून अधिक मोठी सरोवरे तयार झाली होती, त्यांपैकी हे सर्वांत धोकादायक होते. चढत्या पाण्याने वरच्या अंगाचे यूली, म्हणजे जुने मुख्य ठिकाण, बुडवले. परगण्याची एक राजधानी दरडीखाली आणि दुसरी पाण्याखाली, अशी ती स्थिती होती. पावसाळा तोंडावर होता, आणि बांध फुटला असता तर खाली म्येनयांगसारखे मोठे शहर होते.

अशा बांधाचा धोका त्याच्या घडणीत असतो. माणसाने बांधलेल्या धरणाला गाभा, गाळण्या आणि सांडवा असतो, तर दरडीच्या बांधात सुटे दगड आणि माती नुसती पडलेली असते. पाणी माथ्यावरून वाहू लागले की ते खाच पाडते, खाच खोल झाली की अधिक पाणी येते आणि अधिक पाण्याने खाच आणखी वेगाने खोल होते. ही साखळी सुटली तर काही तासांत सारे सरोवर रिते होऊ शकते. अभियंत्यांनी म्हणून पाणी आणखी चढण्याआधीच, बांधाच्या सर्वांत सखल भागातून, कमी पातळीवर वाट काढून देण्याचे ठरवले. तेथे रस्ता नव्हता. सैनिक पाठीवर सामान घेऊन डोंगर चढून गेले आणि एमआय-२६ या अवजड हेलिकॉप्टरांनी खोदाईची यंत्रे लटकवून नेली. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात दिवसरात्र खोदून सुमारे ४७५ मीटर लांबीचा कालवा तयार झाला. खालच्या भागातील अडीच लाखांहून अधिक लोकांना आधीच उंचावर हलवण्यात आले होते.

७ जून रोजी सकाळी कालव्यातून पाणी वाहू लागले. पहिले तीन दिवस प्रवाह इतका मंद होता की सरोवर चढतच राहिले आणि त्यात सुमारे २५ कोटी घनमीटर, म्हणजे जवळपास ९ टीएमसी पाणी साचले. १० जूनला कालव्याची धूप वेग घेऊ लागली आणि दुपारी विसर्ग सेकंदाला सुमारे ६,५०० घनमीटर, म्हणजे २ लाख ३० हजार क्युसेकपर्यंत पोहोचला. तो लोंढा छूशानच्या अवशेषांमधून गेला, म्येनयांगमधून सुरक्षितपणे पुढे सरकला आणि सरोवराची पातळी सुमारे ३० मीटरने उतरली. या विसर्गात एकही बळी गेला नाही. पाणी अडवण्याऐवजी त्याला वाट देण्याची जी युक्ती यूच्या कथेत आहे, तीच त्याच्या मानलेल्या जन्मगावाखाली वापरली गेली, याची आठवण तेव्हा चीनमध्ये अनेकांना झाली. २०१६ साली तर शास्त्रज्ञांच्या एका गटाने यूच्या महापुरामागेही अशीच घटना असू शकेल असे सुचवले. पीत नदीवरील चिशी घळीत इसवी सनापूर्वी १९२० च्या सुमारास दरडीने नदी अडली आणि तो बांध फुटून प्रचंड पूर आला, असे त्यांचे म्हणणे होते. इतर संशोधकांनी त्याच्या पुराव्यांवर आणि कथेशी लावलेल्या संबंधावर गंभीर आक्षेप घेतले असून तो वाद मिटलेला नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला ज्याची आठवण हमखास होईल असा आणखी एक वाद या भूकंपाशी जोडलेला आहे. केंद्रापासून काही किलोमीटरवर त्सिफिंगफू हे १५६ मीटर उंचीचे धरण आहे आणि ते २००५ पासून भरू लागले होते. साठलेल्या पाण्याचा भार आणि भेगांमध्ये झिरपून वाढलेला दाब यांमुळे भूकंप लवकर घडला का, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांनी उपस्थित केला. जलाशयामुळे मोठा भूकंप होऊ शकतो, ही कल्पना जगाने गंभीरपणे घेतली ती डिसेंबर १९६७ मधील कोयनेच्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपामुळे, आणि त्सिफिंगफूच्या चर्चेत कोयनेचा दाखला म्हणूनच येतो. दोन्हींत फरकही मोठा आहे. कोयनेचा भूकंप उथळ होता आणि जलाशय भरल्यानंतर त्या परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली होती, तर वेन्चुआनचा उगम कितीतरी खोल होता आणि फाट शेकडो किलोमीटर धावली. हजारो वर्षे साठलेला ताण धरणाने निर्माण केला नाही याविषयी दुमत नाही. तो सुटण्याचा क्षण थोडा अलीकडे आला का, एवढाच प्रश्न आहे आणि त्यावर एकमत झालेले नाही.

या भूकंपाने भूशास्त्राला एक अनपेक्षित प्रश्नही दिला. भूकंपांमुळे पर्वत उंचावतात असे आपण शिकतो. परंतु येथे एकाच दुपारी ५० हजारांहून अधिक दरडी कोसळल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार त्यांचे घनफळ ५ ते १५ घन किलोमीटर होते, तर उचलल्या गेलेल्या जमिनीचे घनफळ केवळ २.६ घन किलोमीटरच्या आसपास. म्हणजे या भूकंपाने पर्वताला जेवढे दिले त्यापेक्षा अधिक काढून घेतले असावे. अधिक काटेकोर नकाशे वापरून नंतर झालेल्या मोजणीत दरडींचा आकडा तीन घन किलोमीटरच्या जवळपास उतरला आणि जमाखर्च जवळजवळ बरोबरीवर आला. तरीही उत्थानाबरोबर झीजही भूकंपाचेच काम आहे, हे आता कोणताही अभ्यासक नजरेआड करू शकत नाही.

सुटी झालेली ही माती लगेच नदीवाटे निघून जात नाही. ती उतारांवर आणि ओढ्यांच्या मुखाशी पडून राहते आणि जोराच्या पावसाची वाट पाहते. २४ सप्टेंबर २००८ रोजी, भूकंपाला पाच महिनेही झाले नसताना, अतिवृष्टीने बेइचुआन परिसरात ७२ ठिकाणी दगडचिखलाचे लोंढे उतरले, चाळीसहून अधिक माणसे मेली आणि छूशानच्या अवशेषांचा एक भाग दुसऱ्यांदा गाडला गेला. जुलै २०१३ च्या पुरातही ते अवशेष पाण्याखाली गेले.

छूशान त्याच जागी पुन्हा बांधायचे नाही, असा निर्णय यातून झाला आणि तो योग्यच होता. पडलेले गाव जसेच्या तसे स्मारक म्हणून राखण्यात आले आणि माध्यमिक शाळेच्या जागी २०१३ मध्ये भूकंप संग्रहालय उघडले. नव्या मुख्य ठिकाणासाठी आग्नेयेला सुमारे २३ किलोमीटरवर, डोंगर संपून मैदान सुरू होते तेथे जागा निवडण्यात आली. ती जमीन आन परगण्याची होती, म्हणून २००९ मध्ये सीमाच बदलून तो भाग बेइचुआनला जोडला गेला. प्रत्येक आपद्ग्रस्त परगण्याची जबाबदारी एकेका संपन्न प्रांताने घ्यावी आणि तीन वर्षे दरसाल आपल्या महसुलाचा किमान एक टक्का त्यासाठी द्यावा, अशी योजना केंद्र सरकारने आखली होती आणि बेइचुआन शानतुंग प्रांताकडे आले. सप्टेंबर २०१० मध्ये युंगछांग हे नवे शहर परगण्याच्या स्वाधीन झाले. या वेगाबद्दल आणि नियोजनाबद्दल आदर वाटतोच. परंतु शहराला छ्यांग रूप देण्यासाठी दगडी मनोरे आणि पांढऱ्या दगडांची नक्षी वापरली गेली, ती कोरड्या बाजूच्या माओ आणि ली परगण्यांतील शैली आहे. बेइचुआनची लाकडी घरे त्यात मागे पडली. छिंगफ्येनच्या वरच्या गावांतील माणसाला सरकारी कामासाठी आता पूर्वीपेक्षा कितीतरी दूर जावे लागते, हेही या सुरक्षिततेचे मोल आहे. छ्यांग नववर्षाचा सण २००९ मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपायच्या परंपरांच्या यादीत गेला, कारण मंत्र आणि गाणी मुखोद्गत असलेले अनेक वृद्ध शिपी पुरोहित भूकंपात दगावले होते आणि या भाषेला स्वतःची प्राचीन लिपी नव्हती.

भूकंपाच्या दृष्टीने बेइचुआनच्या खालचा प्रस्तरभंग आता बराच मोकळा झाला आहे. नैर्ऋत्येकडे मात्र, २० एप्रिल २०१३ रोजी लूशान येथे झालेल्या भूकंपाची फाट आणि २००८ ची फाट यांच्यामध्ये सुमारे ४०-५० किलोमीटरचा न सरकलेला तुकडा उरला असून भूकंपशास्त्रज्ञांचे त्यावर लक्ष आहे. बेइचुआनमधील रोजचा धोका पावसाचा आहे. पहिली काही वर्षे दगडचिखलाचे लोंढे सर्वाधिक होते, नंतर झुडपांनी आणि झाडांनी उतार धरायला सुरुवात केली तसे ते कमी होत गेले. परंतु खोल ओढ्यांमध्ये अडकलेला राबिट अजून शिल्लक आहे, तो पुरता वाहून जायला काही दशके लागतील आणि तोवर या खोऱ्यांतील गावांना प्रत्येक पावसाळ्यात, पाऊस ठरावीक मर्यादेपुढे गेला की, रात्री-बेरात्री घरे सोडून उंचावर जावे लागते.